केस मुलाखतीची तयारी करून घेताना

नौपाड्यातल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी दोन-तीन मुले-मुली मॅनेजमेंट कन्सल्टिंगच्या मुलाखतींचा सराव करायला येतात. बहुतेक जण ऐरोली-घणसोलीकडे आयटीत नोकरी करणारे असतात आणि ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला उतरतात. मॅकिन्झी, बीसीजी किंवा बेनसारख्या, इतरांना धंद्याविषयी सल्ला देणाऱ्या कंपन्यांच्या मुलाखतीचा मोठा भाग ‘केस’चा, म्हणजे एखाद्या धंद्यातली अडचण समोर बसून सोडवून दाखवण्याचा असतो. ही तयारी करून घेणाऱ्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी : आपले मुख्य काम साचे शिकवण्याचे नाही, उमेदवाराला प्रश्न नीट ऐकायची सवय लावण्याचे आहे.

मला हे उशिरा कळले. सुरुवातीला मी नफ्याचा, नव्या बाजारपेठेचा, किंमत ठरवण्याचा असे आराखडे लिहून देत असे आणि मुले ते पाठ करत. आता पहिल्याच दिवशी मी वाशीच्या फळबाजारातली एक केस घालते : हापूसच्या एका अडत्याचा नफा यंदा घटला आहे, पेट्या मात्र गेल्या वर्षीइतक्याच आल्या आहेत, तर कारण शोधा. पाठांतर केलेला उमेदवार लगेच कागदावर उत्पन्न वजा खर्च मांडतो आणि खरेदीचा भाव वाढला का, असे विचारतो. पण अडत्या माल विकत घेत नाही. तो बागायतदाराचा माल विकून देतो आणि विक्रीच्या रकमेवर अडत घेतो. त्यामुळे पेट्या तेवढ्याच येऊनही भाव उतरला की त्याची मिळकत उतरते, आणि गाळ्याचा खर्च व माणसांचे पगार मात्र थांबत नाहीत. ‘याला पैसे नेमके कशाचे मिळतात?’ एवढे ज्याने आधी विचारले, त्याची अर्धी केस तिथेच सुटते.

म्हणून केस सांगून झाल्यावर उमेदवाराला पेन उचलू न देता ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावावी, आणि पहिले काही आठवडे मराठीतच. मुलाखत इंग्रजीत होणार असली तरी इंग्रजी शब्दांच्या आड न समजलेले लपून जाते. मराठीत सांगताना ते उघडे पडते. त्यानंतर दोन मिनिटे शांतपणे मांडणी करू द्यावी. मांडणीतले मुद्दे एकमेकांत मिसळू नयेत आणि सगळे मिळून प्रश्न पुरा झाकावा, हे तत्त्व मॅकिन्झीत काम केलेल्या बार्बरा मिंटो यांच्यामुळे या क्षेत्रात रूढ झाले. मात्र त्याची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा घरखर्चाची विभागणी करायला सांगावी, म्हणजे ‘किराणा’ आणि ‘जेवणखाण’ असे दोन रकाने केल्यावर होणारा घोळ मुलांना आपोआप दिसतो.

आकडेमोडीसाठी ठाण्यात दिवसाला किती वडापाव खपत असतील, हा प्रश्न फार उपयोगी पडतो. 2011 च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या 18 लाखांच्या वर होती. आज 21 लाख धरली, त्यातले निम्मे आठवड्याला दोन वडापाव खातात असे मानले, तर आठवड्याचे 21 लाख आणि दिवसाचे 3 लाख होतात. सातने भाग जाईल असा आकडा सुरुवातीलाच निवडणे हेही कौशल्यच आहे. पण इथे थांबू देऊ नये. एका गाडीवर रोज 300 खपत असतील तर 1,000 गाड्या लागतील; तेवढ्या शहरात असतील का, आणि स्टेशनवर बाहेरून येणाऱ्यांचे काय, हे उमेदवारानेच तपासावे. लाख-कोटींतून मिलियनमध्ये जाताना शून्य निसटते, तेव्हा 10 लाख म्हणजे 1 मिलियन आणि 1 कोटी म्हणजे 10 मिलियन हे रोज घोटून घ्यावे.

स्वतःच्या अनुभवांविषयीच्या प्रश्नांत आपली मुले वेगळ्याच ठिकाणी अडतात. गणेशोत्सव मंडळाची वर्गणी कशी वाढली हे एक मुलगी फार छान सांगत होती, पण प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू होत होते. ‘मी’ म्हणणे तिला उद्धटपणाचे वाटत होते. तेव्हा मी तिला इतकेच विचारले, “त्या दिवशी तू कोणाकडे गेलीस आणि काय बोललीस?” मग सोसायटीच्या सेक्रेटरींशी झालेले सगळे बोलणे बाहेर आले. मुलाखत घेणाऱ्याला तेच ऐकायचे असते.

मॅकिन्झीत सहसा मुलाखत घेणारा एकेक प्रश्न विचारत केस पुढे नेतो, तर बीसीजी आणि बेनमध्ये दिशा बरीचशी उमेदवारानेच ठरवायची असते. सराव दोन्ही तऱ्हांचा द्यावा.

सराव घेताना मधे बोलू नये. उमेदवार चुकीच्या वाटेला लागला तरी पाच मिनिटे जाऊ द्यावे, कारण तिथून परत फिरणेही त्याला यायला हवे. संपल्यावर दहा चुका सांगण्याचा मोह होतो; एकच सांगावी आणि पुढच्या रविवारी आधी तीच तपासावी. मोबाइलवर केलेले रेकॉर्डिंग त्याने घरी एकट्याने ऐकावे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी नवी केस देऊ नये. आधी सोडवलेली एखादी केस त्याला आईला किंवा मित्राला समजावून सांगायला लावावी आणि रात्री लवकर झोपायला सांगावे.