सोलापूरच्या उन्हात हिरवी बाग: या चुका टाळा

अनंत, इक्झोरा, अँथुरियम, हेलिकोनिया ही सगळी दमट हवेतली झाडं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. तरीही ती इथे छान जगतात. माझ्या पाहण्यात, सोलापुरातली कुंडीतली झाडं उन्हापेक्षा पाण्यानेच जास्त जातात.

जास्वंदीची किंवा अनंताची कोवळी पानं पिवळी पडली की पहिला हात खताच्या पिशवीकडे जातो. आधी पान उजेडात धरून बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर झाडाला लोह मिळत नाहीये. आपल्या काळ्या मातीत चुन्याचा अंश बराच, त्यात बोअरचं पाणी जड. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, मग युरिया कितीही घाला, फरक पडत नाही. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. नव्या फुटव्याचा रंग बघून गुण आला का ते कळेल. खालची जुनी पानं पिवळी होत असतील, तर दुखणं वेगळं: नत्र कमी पडतंय किंवा कुंडीत पाणी तुंबतंय.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी कुंड्यांना घालणं ही तर घरोघरची चूक. वाया जाऊ नये ही भावना चांगलीच, पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पानांच्या कडा करपणं, कुंडीच्या काठावर पांढरा थर बसणं ही त्याचीच खूण. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र बिनक्षाराचं असतं, ते खुशाल वापरा. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी झाकणाच्या पिंपात धरून ठेवलं, तर अनंतासारख्या नाजूक झाडांची मोठी सोय होते.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, पुष्कळदा लाल चिकणमातीची असते. ती तशीच काळ्या मातीत बसवली, तर बाहेरची माती ओली आणि हुंडी आतून कोरडी राहते. लावण्याआधी हुंडी बादलीत बुडवा, बुडबुडे थांबले की काढा आणि कडेची माती बोटांनी हलक्या हाताने मोकळी करा. कुंडीत नुसती काळी माती भरू नका, सुकली की तिला भेगा पडतात. वाळू आणि कुजलेलं शेणखत बरोबरीने मिसळा.

दुपारी तीनला पानांनी मान टाकली म्हणून लगेच पाणी ओतू नका. माती दोन बोटं खोल तपासा. ओल असेल तर सूर्य कलल्यावर झाड आपोआप सावरतं. गच्चीचा स्लॅब तापतो, म्हणून कुंड्या विटांवर ठेवा आणि मार्च संपायच्या आत पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी बांधा.

मोगऱ्याची छाटणी संक्रांतीच्या सुमाराची आपली गड्ड्याची यात्रा उरकली की करून टाका. उन्हाळ्यात कळ्या धरल्यावर कात्री लावली, तर ऐन बहरच हातचा जातो.

आणि सगळी चांगली झाडं रस्त्याकडच्या बाजूला मांडू नका. उन्हाळ्यात आपण बागेत बसतो ते दिवे लागल्यावर, त्यामुळे मोगरा आणि अनंत खुर्चीजवळ हवेत. रातराणीचा वास उग्र असतो, ती चार पावलं लांबच बरी.