निळे माशीमार ओळखताना या चुका टाळा

सह्याद्रीतल्या कुठल्याही सावलीच्या ओढ्याकाठी डिसेंबरात जा. निळ्या पाठीचा, नारिंगी छातीचा, चिमणीहून जरा लहान पक्षी खालच्या फांदीवर दिसणारच. आणि सोबतच्यांपैकी कुणीतरी दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधीच "टिकेल!" म्हणून मोकळा होणार. बहुतेकदा तो बरोबरही निघतो. अडचण तीच आहे. सिंहगड व्हॅली, कर्नाळा, येऊर, फणसाड या सगळ्या ठिकाणी टिकेलचा निळा माशीमार बारमाही असतो, म्हणून न बघता घेतलेलं नावही खपून जातं. पण त्याच झाडीत हिवाळ्यात हिमालयाकडून आलेला निळ्या कंठाचा माशीमार असतो. दक्षिण कोकण आणि गोव्यातल्या सदाहरित जंगलात पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार असतो, जो पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही. तिघेही सायॉर्निस गटातले, एकाच आकाराचे आणि एकाच सवयीचे. घाईत टाकलेलं नाव इथेच फसतं.

नारिंगी छाती दिसली की नाव ठरलं

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक. नारिंगी छाती टिकेलच्या नराला असते, मादीलाही असते. निळ्या कंठाच्या नराला असते, त्याच्या मादीला असते, पांढऱ्या पोटाच्या मादीलाही असते. पाच पक्ष्यांमध्ये सारखी असलेली खूण ओळखायला काय कामाची? म्हणून साधा नियम: आधी पाठ आणि शेपटी, मग कंठ, छाती सगळ्यात शेवटी.

मोठ्या पक्ष्याची पाठ निळी नसेल तर तो टिकेल नाही. टिकेलची मादीसुद्धा वरून निळीच असते. फिकी, राखाडीकडे झुकणारी, पण निळी. पाठ तपकिरी आणि छाती नारिंगी दिसली, की ती उरलेल्या दोघांपैकी एकाची मादी, एवढं तिथेच पक्कं करा. त्यानंतर शेपटी बघा. पांढऱ्या पोटाच्या मादीची शेपटी गडद तांबूस तपकिरी असते आणि पाठीहून ती स्पष्ट वेगळी दिसते. चेहरा राखाडी, डोळा आणि चोच यांच्या मधला भाग पांढुरका, गळा आणि छाती गर्द नारिंगी. निळ्या कंठाच्या मादीचं डोकं पाठीच्याच रंगाचं असतं, गळा मळकट फिका नारिंगी आणि शेपटीला जेमतेम तांबूस झाक.

हे न पाहिल्याने काय होतं ते दर हिवाळ्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिसतं. आंबोलीहून किंवा गोव्यातल्या मोलेहून फोटो येतो: तपकिरी पाठ, नारिंगी छाती, खाली "टिकेल फीमेल". पुस्तकात "नर निळा, मादी फिकी" वाचलेलं असतं, आणि फिकी म्हणजे तपकिरी असं मनानेच ठरवलेलं असतं. पहिल्या दहा मिनिटांत वीस अंगठे येतात. कुणीतरी शेपटीकडे बोट दाखवतं. त्यावर फोटोवाला म्हणतो, प्रकाशामुळे तसं दिसतंय. दुसरा म्हणतो, अ‍ॅपनेही टिकेलच सांगितलं. संध्याकाळपर्यंत वाद थकतो आणि नोंद मात्र "टिकेल" म्हणून ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, जाऊन बसलेली असते. पश्चिम घाटापुरत्या राहिलेल्या पक्ष्याची एक चांगली नोंद अशी रोज दिसणाऱ्या पक्ष्याच्या नावावर जमा होते, आणि पुढच्या वर्षी तोच फोटो बघून नवीन माणूस तीच चूक शिकतो.

खात्री नसेल तर ई-बर्डमध्ये "सायॉर्निस स्पी." (म्हणजे गट ठरला, जात नाही) असा पर्याय आहे, तो वापरा. त्यात काही कमीपणा नाही. रोजची यादी शंभर टक्के ओळखीची असणाऱ्यांच्या यादीवर माझा विश्वास उलट कमी असतो.

गळ्याची सावली

टिकेल आणि निळ्या कंठाच्या नरांतला फरक नावातच आहे, तरीही तो चुकतो, कारण माशीमार बराच वेळ मान खाली घालून जमिनीकडे बघत बसतो. चोचीची आणि डोक्याची सावली गळ्यावर पडते आणि नारिंगी गळा काळपट निळा दिसायला लागतो. अशा एका फ्रेमवर "ब्लू-थ्रोटेड" जाहीर करू नका. तो मान वर करेपर्यंत थांबा. गात असेल तर उत्तमच, गळा ताणलेला दिसतो.

टिकेलचा नारिंगी रंग गळ्यापासून थेट छातीपर्यंत येतो, फक्त हनुवटीशी किंचित गडदपणा असतो, आणि छातीखाली नारिंगी आणि पांढऱ्याची सीमा आडवी, स्पष्ट. निळ्या कंठाच्या नराचा गळा दोन्ही बाजूंनी गडद निळा असतो आणि छातीचा नारिंगी रंग मधोमध पाचरीसारखा वर घुसतो. ही पाचर कमीजास्त असते. काही नरांत ती हनुवटीच्या बरीच जवळ जाते, म्हणून समोरून बघितल्यावर गळा नारिंगी वाटू शकतो. बाजूने बघा, निळा भाग लपत नाही.

तारखेचंही भान ठेवा. निळ्या कंठाचा माशीमार आपल्याकडे हिवाळी पाहुणा. मे महिन्यात सह्याद्रीत तो "दिसला" तर आधी स्वतःवर शंका घ्यावी.

निळ्याच्या छटेवर भरवसा

पक्ष्यांच्या पिसांतला निळा हा रंगद्रव्याचा रंग नसतो, पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरल्याने तो दिसतो. त्यामुळे तोच नर उन्हाच्या कवडशात चकचकीत निळा आणि दोन फूट बाजूला सावलीत जवळजवळ काळा. "हा जास्त गडद होता" हा पुरावा नाही. फ्लॅश मारल्यावर तर निळा इतका भडकतो की फोटो ओळखीसाठी कामातून जातो. सावलीत पक्षी स्थिर बसलेला असताना शटर १/१६० ते १/२५०, आयएसओ १६०० ते ३२००, आणि मागे उजेड असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप वर. रॉ फाइल ठेवा. हिरव्या पानांतून येणारा उजेड पांढऱ्या पोटावर हिरवट झाक टाकतो, ती नंतर काढता येते. फ्लॅशने उडवलेला रंग परत आणता येत नाही.

ओला पक्षी आणखी फसवतो. आंघोळ करून आलेल्या टिकेलचं पोट राखाडी आणि पाठ काळी दिसते. पिसं साफ करून तो सुकेपर्यंत पाच-दहा मिनिटं द्या.

स्पीकर लावून बोलावणं

याबद्दल मी अजिबात मवाळ नाही. टिकेलचं गाणं सोपं आहे: धातूवर टिचकी मारल्यासारख्या सहा ते दहा स्वरांची छोटी लकेर, आधी उतरणारी, मग चढणारी. नर आपली हद्द राखून असतो आणि रेकॉर्डिंग ऐकलं की दुसरा नर शिरला असं समजून समोर येतो. म्हणूनच हा शॉर्टकट इतका लोकप्रिय आहे, आणि म्हणूनच वाईट.

घडतं ते असं. मे महिना, ओढ्याच्या कडेला सात-आठ जणांचा गट, कुणाच्या तरी बॅगेला लटकलेला ब्लूटूथ स्पीकर. गाणं लागतं, नर उघड्या फांदीवर येतो, पंख झटकतो, उलट गातो. सगळे खूश. लकेर पुन्हा लागते, पुन्हा लागते. नर तिथून हलत नाही, म्हणजे तेवढा वेळ तो एकही किडा पकडत नाही. मादी चोचीत अळी धरून मागच्या झुडपात या फांदीवरून त्या फांदीवर करत असते आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. तिचं घरटं दरडीच्या भोकात असतं, नेमकं त्या लोकांच्या पाठीमागे चार पावलांवर, कारण उभं राहायला सपाट जागा तेवढीच. पिल्लं गप्प असतात. गट गेल्यावर मादी आत जाते, पण पाठोपाठ दुसरा गट येतो, कारण पहिल्याने लोकेशन टाकलेलं असतं.

टिकेलचा विणीचा काळ साधारण एप्रिल ते ऑगस्ट. घरटं दरडीतल्या, खडकाच्या फटीतल्या किंवा झाडाच्या ढोलीतल्या भोकात, बहुधा खालच्या उंचीवर. पानं, मुळं आणि शेवाळाची वाटी, तीन ते पाच अंडी. या महिन्यांत चोचीत खाऊ घेऊन अस्वस्थ फिरणारा पक्षी दिसला की त्याचा अर्थ एकच: तुम्ही वाटेत उभे आहात. वीस पावलं मागे जा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधल्या शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना त्रास देणं धरलेलं आहे, हेही स्पीकरवाल्यांना माहीत असलेलं बरं.

एरवी स्पीकर लागतच नाही. नर हिवाळ्यातही गातो. कान उघडे ठेवा.

मागे पळणं

माशीमार एका फांदीवरून झेप घेतो, किडा पकडतो आणि बरेचदा तिथेच किंवा शेजारी परत येतो. नवा माणूस तो उडाला की त्याच्या मागे झुडपात शिरतो. हद्द ओढ्याकाठची दाट झाडी, म्हणजे पक्षी गोल फिरून मूळ फांदीवर आणि माणूस काट्यात. जिथे पहिल्यांदा दिसला तिथून दहा-बारा मीटरवर, झाडाच्या बुंध्याला टेकून वीस मिनिटं उभे राहा. जमिनीपासून एक ते तीन मीटर उंचीच्या आडव्या, पानं नसलेल्या फांद्या आधीच हेरून ठेवा. टिकेल जमिनीवरही उतरतो, तेव्हा फक्त वर बघत बसू नका. वीस मिनिटं ज्यांना जड जातात त्यांनी पाणकोंबड्या बघाव्यात, त्या तळ्यात उघड्यावर असतात.

दुर्बीण १०x४२ घेतली की लांबचं दिसेल, हा हिशोब या जंगलात उलटा पडतो. पुढच्या भिंगाच्या ४२ मिलिमीटरला मोठं दाखवण्याच्या १० पटीने भागा, डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ४.२ मिलिमीटरचा. ८x४२ मध्ये तो सव्वापाच. संध्याकाळच्या गर्द सावलीत शेपटी तपकिरी की तांबूस हे त्या एका मिलिमीटरवर ठरतं.

बाकीच्या, थोडक्यात

निळा पक्षी, पांढरं पोट, म्हणून "व्हाइट-बेलीड" लिहिण्याआधी मानेमागे काळा ठिपका आणि छातीवर बारीक काळी रेघ आहे का बघा. असेल तर तो ब्लॅक-नेप्ड मोनार्क. तो सडपातळ, लांब शेपटीचा आणि एका जागी न टिकणारा. पांढऱ्या पोटाचा नर जांभळट गडद निळा, छातीपर्यंत निळाच, आणि अंधाऱ्या झाडीत बराच वेळ गप्प बसून राहणारा.

नारिंगी छाती, पण पांढरी भुवई, काळे गाल आणि लांब फिके पाय असतील, शिवाय पक्षी जमिनीवर टुणटुण पळत असेल, तर तो इंडियन ब्लू रॉबिन.

उंच शेंड्यावर उघड्यात बसलेला हिरवट निळा म्हणजे व्हर्डिटर फ्लायकॅचर. महाराष्ट्रात त्याला निलगिरी फ्लायकॅचर म्हणू नका, तो नीलगिरी, पळणी अशा दक्षिणेतल्या उंच डोंगरांचा रहिवासी.

तपकिरी माशीमारांत पाय बघा. एशियन ब्राऊनचे काळे. ब्राउन-ब्रेस्टेडचे फिके मांसल रंगाचे आणि खालची चोचही पूर्ण पिवळट. (या दुसऱ्याच्या शास्त्रीय नावातलं "मुत्तुई" हे श्रीलंकेत लेयर्ड या पक्षीअभ्यासकाला तो पक्षी आणून देणाऱ्या मुत्तू नावाच्या त्याच्या नोकरावरून आलंय. साहेबांच्या नावांच्या गर्दीत एवढं एक बरं झालं.) शेपटी आणि कंबर तांबूस, पण छातीला नारिंगीचा पत्ता नाही, तर रस्टी-टेल्ड.

रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर की टैगा फ्लायकॅचर? छातीवरून भांडू नका, निम्मे पक्षी माद्या किंवा कोवळे असतात. शेपटीच्या वरच्या बुडाची पिसं शेपटीहूनही काळी कुळकुळीत आणि चोच सगळी काळी, तर टैगा. ती पिसं तपकिरीकडे आणि खालची चोच बुडाशी फिकी, तर रेड-ब्रेस्टेड. तो भाग फोटोत नसेल तर दोन्ही नावं तिरप्या रेघेने लिहा.

जून ते ऑगस्टमध्ये ठिपकेदार तपकिरी माशीमार दिसला म्हणजे नवी जात सापडली असं नव्हे, ते टिकेलचं पिल्लू. पंखांच्या आणि शेपटीच्या कडांना निळं दिसेल.

पाणवठ्याकाठच्या हाइडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) बसणाऱ्यांची एक चूक मात्र सारखी दिसते: बुलबुल, सातभाई, दयाळ येऊन गेले, उजेड उतरला, की साडेपाचला सामान आवरायला लागतात. निळे माशीमार बरेचदा सगळ्यांच्या शेवटी, अगदी तिन्हीसांजेला पाण्यावर येतात. कॅमेरा स्थिर टेकवा, शटर १/१२५ वर आणा, पक्षी पाण्याबाहेर येऊन थांबेल तेव्हाच क्लिक करा, आणि त्याची आंघोळ होईपर्यंत बॅगेच्या चेनला हात लावू नका.