पान पिवळं, पण कुठलं?

जळगाव जिल्ह्यात मी कृषी पदवीच्या पोरांना शिकवतो. केळीवरचा करपा (पानावर ठिपके पाडणारा बुरशीचा रोग) कशाने येतो ते पोरं झोपेतही सांगतील. त्यांनाच रावेरच्या बागेत उभं करून पिवळं पान दाखवा, की लगेच, "सर, फवारणी कुठली?"

यावर मी फोटोंचे पत्ते लावतो. बागेतले वीस-पंचवीस फोटो छापून घ्या: करपा, पालाशची (पोटॅशियमची) कमतरता, लोहाची कमतरता, हरण्या (विषाणूचा रोग), चरका (थंडीची इजा). नुसतं पान नको, अख्खं झाड आणि जमलं तर शेजारची ओळही दिसू द्या. मागे नाव लिहू नका. गटाला म्हणा, सारखे वाटतील त्यांचे ढीग लावा.

पोरं 'पिवळे', 'डागाचे', 'वाळलेले' असे ढीग लावतात. यात त्यांचा दोष नाही. १९८१ साली मानसशास्त्रज्ञ मिशेलिन ची (Chi) आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्रातल्या गणितांवर हेच दाखवलं. नवख्यांनी उतरणीची गणितं एकीकडे, स्प्रिंगची दुसरीकडे ठेवली. जाणकारांनी मात्र ऊर्जेचा नियम लागू पडेल ती एकत्र घेतली, मग त्यात उतरण असो की स्प्रिंग.

आता तेच पत्ते एखाद्या मुरलेल्या बागायतदारापुढे ठेवा. त्यांचे ढीग बहुधा असे पडतात: खालची पानं, पोंग्याजवळची (शेंड्याच्या कोवळ्या गुंडाळीजवळची) पानं, एखादंच झाड, सगळी बाग. इथे पोरांना "का?" विचारा आणि गप्प बसा. पुस्तक आता कामाला येतं. पालाश झाडात फिरतो. कमी पडला की झाड जुन्या पानातला काढून नव्याला देतं, म्हणून खालचं पान आधी कडेने वाळतं. लोह तसं हलत नाही, म्हणून चुनखडीच्या रानात कोवळं पान फिकट आणि शिरा हिरव्या. हरण्या मावा या किडीमार्फत पसरतो, त्यामुळे सुरुवातीला झाडं तुरळक. चरका थंडीचा, तो बागेला एकदमच बसतो.

अडचण एकच. जाणकार माणूस वाट सांगत नाही, थेट मुक्काम सांगतो: "हे पालाशचं." तिथेच विचारा, "आबा, आधी काय पाहिलंत? काय दिसलं असतं तर मत बदललं असतं?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत उतरवायला लावा, सगळा माल त्यात आहे.

मग बागेत न्या. कुठलं पान, किती झाडं, कधीपासून, हे सांगितल्याशिवाय रोगाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेताना दोन संशयित हवेत आणि त्यांना वेगळं पाडणारी एक खूण. गुणही तसेच द्या: दहापैकी नावाला तीन, दुसरा संशयित का नाही याला सात. (आपल्या प्रश्नपत्रिका अजून 'लक्षणे लिहा' यावरच अडल्यात, ते सोडा.)

एक पत्ता शेवटासाठी राखून ठेवा: एकाच खालच्या पानावर करपाही आणि पालाशची कमतरताही. करप्याचे लांबट ठिपके शिरांना समांतर, मधे राखाडी. पालाशचं वाळणं कडेकडून आत. पोरं "एकच काहीतरी सांगा" म्हणून मागे लागतील. सांगू नका.