घाट आणि कोकणच्या पावसासाठी गाडी कशी निवडावी

चालत्या गाडीला रस्त्याशी जोडून ठेवतात ते फक्त चार टायर, आणि प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग. इंजिनाची ताकद, फोर बाय फोरचा (चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेचा) बिल्ला, बॉनेटची उंची हे सगळे त्यानंतरचे. पावसाळ्यासाठी गाडी घेताना पैसे आधी पकडीवर घालावेत, मग काचेतून बाहेर नीट दिसण्यावर, आणि मग पाण्यातून वाट काढण्यावर. शोरूममध्ये बहुतेकदा हा क्रम उलटा होतो: उंच गाडी आवडते, सनरूफवाला प्रकार ठरतो, आणि त्यात ईएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी आवरणारी यंत्रणा, आहे का हे कुणी विचारतच नाही.

आधी तुमचा रस्ता ठरवा

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गाडी कुठे जास्त चालणार, हे कागदावर लिहा. ताम्हिणी, आंबोली, माळशेज अशा घाटांत धुके, आंधळी वळणे आणि कडेचे शेवाळ असते. तिथे दिवे, काचा आणि उतारावर इंजिनाने वेग आवरण्याची सोय महत्त्वाची. मुंबई-गोवा महामार्गावर मोकळ्या पट्ट्यात वेग वाढतो आणि अचानक पाण्याचा थर समोर येतो, म्हणून तिथे टायर आणि ईएसपी. मुंबईतल्या सखल भागात आणि भुयारी मार्गांत साचलेले पाणी हा खरा शत्रू, तिथे इंजिनात हवा कुठून शिरते ते पाहावे लागते. आणि वाडीपर्यंत शेवटचे दोन किलोमीटर तांबड्या मातीचे असतील, तरच गाडीच्या पोटाखालची उंची आणि चारही चाकांची ताकद हा प्रश्न पहिल्या नंबरवर येतो.

एकच गाडी चारही ठिकाणी सारखीच चांगली नसते. वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी रोजच्या शहरातल्या वापराला न शोभणारी गाडी घेऊ नका.

ईएसपीवर तडजोड नको

एबीएस ही ब्रेकची यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांत सक्तीची आहे, त्यामुळे ती आहे असे सांगून कुणी मोठी गोष्ट सांगत नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जागीच अडकू नये आणि स्टिअरिंगने गाडी वळवता यावी, एवढे काम एबीएस करते. पण ओल्या वळणावर मागची बाजू बाहेर फेकली जायला लागली, तर एबीएसच्या हातात काही नसते. तिथे ईएसपी लागते. काही कंपन्या त्याला ईएससी म्हणतात, काम एकच.

ईएसपीचे सेन्सर स्टिअरिंग किती वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, याची सतत तुलना करतात. फरक पडला की ही यंत्रणा एकाच चाकाचा ब्रेक दाबते आणि इंजिनाची ताकद कमी करते. मागचा भाग बाहेर जात असेल तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो आणि गाडी सरळ होते. कितीही तरबेज चालक असला तरी पायाने एका चाकाला वेगळा ब्रेक लावू शकत नाही.

ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाडीच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा त्याहून जास्त तारे मिळवायचे तर ईएससी असावेच लागते. तरीही तुम्ही घेत असलेल्या प्रकारात ते आहे की नाही, हे माहितीपत्रकातल्या तक्त्यात स्वतः वाचा. गाडीतही खात्री करता येते. किल्ली फिरवून किंवा बटण दाबून इग्निशन चालू करा, इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवर छोट्या गाडीखाली दोन नागमोडी रेषा असलेला दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. दिवा लागलाच नाही, तर विक्रेत्याकडून तक्त्यातली ओळ बोट ठेवून दाखवून घ्या.

एका गाडीच्या वरच्या प्रकारात सनरूफ आणि मोठी स्क्रीन, दुसऱ्या गाडीच्या खालच्या प्रकारात ईएसपी, अशी निवड समोर आली तर खालचा प्रकार घ्या. हा सल्ला पावसापुरता नाही, बारा महिन्यांचा आहे.

टायर: बाजूवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ असे काही लिहिलेले असते. पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. पावसात रुंद टायर जास्त चांगला, असा सर्रास समज आहे. साचलेल्या पाण्यावर उलटे घडते. टायरला समोरचे पाणी खाचांतून दोन्ही बाजूंना ढकलावे लागते, आणि रुंदी जास्त तितके ढकलायचे पाणी जास्त. पाणी वेळेत बाजूला गेले नाही की टायर त्याच्यावर चढतो आणि तरंगतो, मग स्टिअरिंग हाताला एकदम हलके लागते. स्विफ्टच्या खालच्या प्रकारात १६५/८० आर १४ टायर येतात आणि वरच्यात १८५/६५ आर १५. केवळ अरुंद टायरमुळे खालचा प्रकार पावसात कच्चा ठरत नाही. गाडी घेतल्यावर लगेच दोन इंच मोठी अलॉय चाके आणि रुंद टायर बसवून घेणे मात्र पावसाळ्याच्या दृष्टीने नुकसानीचे आहे.

खाचांची खोली हा दुसरा मुद्दा. नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिमी असते, कायद्याने किमान १.६ मिमी लागते. खाचेत बोट फिरवा: ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे लागतील. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की तो कायद्यानेही बाद. पण कोकणच्या पावसात १.६ मिमीची वाट पाहू नये, ३ मिमी राहिले की बदलावा. उरलेल्या खाचेत पाणी मावतच नाही.

तिसरा मुद्दा टायरचे वय. बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. शोरूमच्या आवारात वर्षभर उभी असलेली गाडी सवलतीत मिळत असेल, तर पाचही टायरचे हे आकडे पाहा, स्टेपनीसकट. रबर वयाने कडक होते आणि ओल्या रस्त्यावरची पकड आधी जाते. पाच-सहा वर्षांचा टायर खाच शिल्लक असली तरी घाटासाठी विश्वासाचा नाही.

हवा चालकाच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच ठेवा. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करतात, ते चुकीचे आहे. हवा कमी झाली की टायर पाण्यावर आणखी कमी वेगात तरंगायला लागतो.

या सगळ्याचा हिशेब अंतरात पाहा. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढे अंतर संपते. पुढे घर्षणांक (रस्त्यावरच्या पकडीचे माप) कोरड्या डांबरावर ०.७ आणि ओल्यावर ०.४ धरला, तर थांबायला कोरड्यावर २० मीटर आणि ओल्यावर ३५ मीटर लागतात. झिजलेला टायर, शेवाळलेले काँक्रीट किंवा पहिल्या सरीत वर आलेले तेल-धुळीचे मिश्रण असेल तर त्याहूनही जास्त.

कोणती चाके गाडी ओढतात

बहुतेक छोट्या गाड्या आणि अर्टिगासारख्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. इंजिनाचे वजन त्याच चाकांवर असल्याने ओल्या सपाट रस्त्यावर त्या सरळ आणि समजूतदार वागतात. बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा या मागच्या चाकांवर चालणाऱ्या. भरलेली गाडी चढ चांगला चढते, पण रिकामी असताना ओल्या वळणावर जास्त ॲक्सिलरेटर दिला तर मागची बाजू निसटते. अशा गाडीत ईएसपी आणखीनच हवे.

थार किंवा जिमनीसारख्या गाड्यांतली फोर बाय फोर यंत्रणा चिखलासाठी आहे. पुढची आणि मागची चाके त्यात एकमेकांशी घट्ट बांधली जातात. कोरड्या, पकड असलेल्या डांबरावर ती लावून वळणे घेतली तर यंत्रणेवर ताण येतो आणि गाडी अडखळते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: फोर बाय फोर गाडी सुटायला मदत करते, थांबायला नाही. दोनच चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीलाही ब्रेक चारच असतात.

उंची आणि पाण्याची खोली

पोटाखालची उंची खड्डे आणि दगडांसाठी असते. स्विफ्टची १६३ मिमी, पंचची १८७, जिमनीची २१०, थारची २२६. काही कंपन्या हा आकडा रिकाम्या गाडीचा देतात, काही भरलेल्या, म्हणून तुलना करताना विचारून घ्या. पाच माणसे आणि सामान भरल्यावर गाडी चांगलीच खाली बसते.

पाण्यातून जाण्याची मर्यादा हा वेगळा आकडा, आणि तो बऱ्याच माहितीपत्रकांत नसतोच. थारसाठी ६५० मिमी आणि पंचसाठी ३७० मिमी दिला जातो. आकडा दिलेला नसेल तर बॉनेट उघडा आणि एअर फिल्टरच्या डब्यापासून काळी प्लास्टिकची नळी कुठे जाते ते बोटाने शोधा. काही गाड्यांत तिचे तोंड वर, रेडिएटरच्या आडव्या पट्टीशी असते, काहींत ते खाली बंपरच्या मागे वळलेले असते. जमिनीपासून त्या तोंडापर्यंत टेपने मोजा. या उंचीच्या निम्म्याहून जास्त पाण्यात जाऊ नका, कारण समोरून येणाऱ्या बसची लाट उरलेली उंची सहज भरून काढते. वाहते पाणी या हिशेबात धरूच नका, त्याला उंची नव्हे, जोर असतो.

पाणी सिलिंडरमध्ये गेले की पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून पाहू नये, ते याचसाठी. अनेकदा इंजिन पाणी शिरल्याने नव्हे, त्यानंतरच्या त्या एका स्टार्टने जाते.

इलेक्ट्रिक गाडीत हवेची नळी नाही, पण आयपी ६७ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा म्हणजे पाण्यात चालवण्याचा परवाना नव्हे. तो आकडा बॅटरीच्या डब्याचा आहे, एक मीटर पाण्यात अर्धा तास. गाडीची पाण्यातली मर्यादा कंपनीला वेगळी विचारा.

काचा, वायपर, दिवे

मागे सपाट कापलेल्या हॅचबॅक आणि एसयूव्हीला मागचा वायपर हवाच. मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चिखलाचे तुषार थेट काचेवर बसतात. सेडानला त्याची तितकी गरज नसते. मागच्या काचेवरच्या बारीक तपकिरी रेषा म्हणजे डिफॉगर, काच तापवून धुरकटपणा घालवणाऱ्या तारा. खालच्या प्रकारांत अनेकदा दोन्ही नसतात, आणि नंतर नीट बसवून घेणे अवघड.

गाडीत चार भिजलेली माणसे बसली की पुढची काच दोन मिनिटांत धुरकट होते. एसी चालू, हवा काचेकडे, आणि बाहेरची हवा आत घेण्याचा पर्याय: ही तीन बटणे न पाहता हाताला लागतात का, ते शोरूममध्येच करून बघा. सगळे स्क्रीनवर असेल तर घाटात नजर रस्त्यावरून हटते. काच आतून नव्हे, बाहेरून धुरकट झाली असेल तर एसी फार थंड आहे. तापमान वाढवा आणि वायपर फिरवा.

फॉग लॅम्प बंपरमध्ये जितके खाली तितके उपयोगी, कारण प्रकाश धुक्याच्या खालून रस्त्यावर पडतो. मागचा लाल फॉग लॅम्प आहे का तेही पाहा. धुक्यात तुम्ही दिसणे तुम्हाला दिसण्याइतकेच महत्त्वाचे.

गिअर

ऑटोमॅटिक घेणार असाल तर उतारावर खालचा गिअर धरून ठेवता येतो का ते पाहा, म्हणजे एल किंवा मॅन्युअल मोड. नाही तर आंबोली उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलते) गाडी चढावर थांबून निघताना मागे सरकू शकते, हिल होल्डशिवाय (चढावर क्षणभर ब्रेक धरून ठेवणाऱ्या सोयीशिवाय) घेऊ नये.

चाचणी पावसातच घ्या

विक्रेता म्हणेल, ऊन पडल्यावर या. तुम्ही पावसाचाच दिवस निवडा आणि एवढे करा. मोकळ्या, सरळ, ओल्या रस्त्यावर मागे कुणी नाही हे पाहून ताशी ४० ला ब्रेक पूर्ण दाबा. पाय थरथरेल, ते एबीएस आहे. गाडी सरळ थांबली पाहिजे. वायपर सर्वांत वेगात लावा आणि चालकाच्या नजरेसमोर पुसला न जाणारा पट्टा राहतो का ते पाहा. एका चाकाखाली साचलेले पाणी येईल अशी गाडी घाला, स्टिअरिंग किती ओढते ते हाताला कळेल. ड्रम ब्रेक भिजल्यावर पहिल्या दाबाला पकड कमी वाटते. हलका पाय ठेवून थोडे अंतर गेल्यावर ती परत यायला हवी.

जुनी गाडी घेत असाल तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतल्या टोकाला चिखलाची आडवी रेघ दिसली, तर पाणी तिथपर्यंत आले होते. स्टेपनी काढून खालचा खळगा पाहा, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, फ्यूजच्या डब्यात बारीक गाळ आहे का. काचा आणि दरवाजे दहा मिनिटे बंद ठेवा, मग हीटर लावा आणि वास घ्या. कुबट वास आला, किंवा गालिचा नवा आणि बाकी आतला भाग जुना असला, तर व्यवहार सोडून द्या.

विमा घेताना

साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पाणी शिरून निकामी झालेल्या इंजिनाचा खर्च सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट ही जोड वेगळी घ्यावी लागते. तिच्या अटींत पाण्यात अडकलेली गाडी पुन्हा चालू केल्यास काय, हे कलम सही करण्याआधी वाचा, आणि टोइंगचा नंबर डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदावर लिहून ठेवा. घाटात मोबाइलला रेंज नसते, पण रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर फोन मिळू शकतो.