समुद्राकाठी आलिशान घर घेताय? आधी शेजारच्या इमारतींचे कठडे बघा

समुद्राचं दृश्य भुरळ घालतंच, पण वस्ती निवडताना ते शेवटी बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत, उधाणाच्या भरतीला तिथे जा. गटारातलं पाणी उलटं रस्त्यावर येतंय का, हे तेव्हाच दिसतं. मग आसपासच्या १०-१५ वर्षं जुन्या इमारती न्याहाळा: कठड्यांवर गंजाचे तपकिरी ओघळ, एसीच्या बाहेरच्या युनिटची झडलेली जाळी. खारा वारा किती आत शिरतो, ते हे ओघळच सांगतात. नव्या घराच्या कठड्यांना ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागा; ३०४ खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. आणि सुट्टीचा हंगाम सोडून एकदा रात्री चक्कर मारा. बहुतेक खिडक्या अंधारात असतील, तर वर्षभर शेजार मिळणार नाही. मला तरी अशी वस्ती नको वाटते.