मराठी अक्षरांचा लोगो प्रिंटला आणि वेबसाईटला द्यायचाय? फाईल अशी तयार करा

सगळ्यात आधी बघा की तुमच्याकडे जी फाईल आहे ती खरंच व्हेक्टर (म्हणजे ठिपक्यांच्या फोटोऐवजी रेघा आणि आकारांची, कितीही मोठी केली तरी न फाटणारी) आहे का. नावाच्या शेवटी सीडीआर (कोरलड्रॉची फाईल) किंवा पीडीएफ आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, कारण व्हॉट्सअॅपवर आलेला जेपीजी कोरलमध्ये ओढून सेव्ह केला तरी सीडीआर तयार होते आणि आत फोटोच असतो. लोगो ज्या सॉफ्टवेअरमध्ये काढता त्यातच बघा: इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल+वाय दाबा, कोरलमध्ये व्ह्यू मेनूतून वायरफ्रेम घ्या, इंकस्केपमध्ये डिस्प्ले मोड आउटलाइन करा. अक्षरांच्या कडा बारीक रेघांनी दिसल्या तर व्हेक्टर, नुसता चौकोन दिसला किंवा फोटोच दिसत राहिला तर तो फोटो, मग लोगो परत ट्रेस करून (त्या फोटोवरून गिरवून) काढावाच लागेल. ऑटो ट्रेसने देवनागरी नीट येत नाही हो, शिरोरेषा लाटांसारखी होते आणि अनुस्वाराचा टिंब वाकडा येतो, त्यामुळे पेन टूलने हातानेच काढा, वेळ लागतो पण तेच बरं.

आता मूळ फाईल. हिच्यात टेक्स्ट टेक्स्टच ठेवायचं, म्हणजे नंतर बदल करता येतो, आणि ही फाईल कुणालाही पाठवायची नाही. इलस्ट्रेटरमध्ये मराठी टाईप करताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसत असेल किंवा जोडाक्षर तुटत असेल तर पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत जाऊन मिडल ईस्टर्न अँड साऊथ एशियन कंपोजर निवडा, लगेच सरळ होतं. इंकस्केपला हा त्रास नाही. मुक्त (Mukta) किंवा बलू (Baloo) सारखे मोफत युनिकोड फॉन्ट घेतले तर लायसन्सचंही टेन्शन नाही. आणि फॉन्टमधला ल आणि श आपल्या मराठी वळणाचा आहे ना ते बघून घ्या, बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं आणि मराठी वळण ग्लिफ पॅनलमध्ये (फॉन्टमधल्या सगळ्या आकारांची यादी) वेगळं ठेवलेलं असतं. दुकानाच्या पाटीवर हा फरक लोकांना जाणवतो, निदान मला तरी फार जाणवतो.

मूळ फाईल सेव्ह झाली की तिची कॉपी घ्या आणि इथून पुढचं सगळं कॉपीवर. टेक्स्टचे आउटलाइन करा, म्हणजे टाईप केलेल्या अक्षरांचे नुसते आकार करून टाका, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल+शिफ्ट+ओ, कोरलमध्ये कंट्रोल+क्यू, इंकस्केपमध्ये शिफ्ट+कंट्रोल+सी. प्रेसवाल्याकडे तुमचा फॉन्ट नसला तर त्याचं मशीन दुसराच फॉन्ट लावतं, आणि श्रीलिपीच्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल तर अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. आउटलाइन केलं की फॉन्टचा संबंधच संपला.

पण देवनागरीत इथे काम संपत नाही, आणि खूप जण इथेच थांबतात. समजा लोगोत शिवार हा शब्द आहे. आउटलाइन केल्यावर शि, वा, र हे वेगवेगळे आकार होतात आणि त्यांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, वेलांटीची कमान शिरोरेषेला जिथे भेटते तिथेही ओव्हरलॅप असतो. छापताना ते कळत नाही, काळ्यावर काळं. पण हीच फाईल रेडियम कटिंगच्या प्लॉटरला गेली की ब्लेड प्रत्येक आकाराची कड वेगळी कापतं, आणि शिरोरेषेच्या मधोमध उभे काप पडतात, मग स्टिकर लावताना शब्द तुकड्यातुकड्यात सुटून येतो. लोगोला अर्धपारदर्शक रंग दिला तरी तेच सांधे गडद पट्ट्यांसारखे दिसतात. उपाय सोपा आहे, सगळी अक्षरं सिलेक्ट करून इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये युनाइट, कोरलमध्ये वेल्ड, इंकस्केपमध्ये अनग्रुप करून युनियन. कोरलवाल्यांनी कम्बाइन वापरू नका, त्याने जिथे आकार एकमेकांवर चढलेत तिथे भोकं पडतात. झालं की परत वायरफ्रेममध्ये बघा, शिरोरेषा एका सलग पट्टीसारखी दिसली पाहिजे, आत एकही उभी रेघ नको.

लोगोत बॉर्डर किंवा स्ट्रोकने काढलेल्या रेघा असतील तर त्यांचेही आकार करून टाका (इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन स्ट्रोक, कोरलमध्ये कंट्रोल+शिफ्ट+क्यू, इंकस्केपमध्ये स्ट्रोक टू पाथ), नाहीतर लोगो १० पट मोठा केला आणि समोरच्याचं स्केल स्ट्रोकचं सेटिंग बंद असलं तर बॉर्डर केसाएवढीच राहते.

रंगांचं बोलू. प्रिंटला सीएमवायके (निळी, गुलाबी, पिवळी, काळी या चार शाया), स्क्रीनला आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश), हे सगळ्यांना माहीत असतं पण दोन्हीच्या वेगळ्या फाईल मात्र कमी जण करतात. स्क्रीनवरचा चमकदार निळा आणि पोपटी शाईत तसा येतच नाही, मळका होतो, म्हणून आपोआप कन्व्हर्ट होऊ देण्यापेक्षा आकडे स्वतः ठरवा. उदाहरणार्थ केशरीला सी ०, एम ६०, वाय १००, के ० घ्या आणि तेच आकडे सगळीकडे द्या. काळ्याची तर विशेष काळजी घ्या, आरजीबीचा काळा इलस्ट्रेटरने कन्व्हर्ट केला की चारही शाया मिसळून साधारण ७५, ६८, ६७, ९० टक्के असा काळा तयार होतो, आणि प्लेट जराशी जरी हलली तरी बारीक अक्षरांच्या कडेला रंगीत छटा दिसते. अक्षरांना नुसता के १०० (फक्त काळी शाई) द्या. एका रंगाचा पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा लोगोही आत्ताच करून ठेवा, बिलबुकाला, रबर स्टॅम्पला, कापडी पिशवीच्या स्क्रीन प्रिंटिंगला तोच लागतो, आणि स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची जाळी वेगळी म्हणजे खर्चही वेगळा.

प्रेसला पीडीएफ द्या, ऑफसेटसाठी पीडीएफ एक्स-१ए हा प्रीसेट (सेव्ह करतानाचा तयार पर्याय) सेफ आहे, त्यात ट्रान्सपरन्सी (पारदर्शकपणा) सपाट होते आणि आरजीबी रंग राहत नाहीत. डिझाईन कागदाच्या कडेपर्यंत जात असेल तर ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या कडेबाहेर तेवढं जास्तीचं डिझाईन, ठेवा. ०.२५ पॉइंटपेक्षा बारीक रेघ ठेवू नका, आणि गडद रंगावर पांढरी रेघ असेल तर त्याहून जाड करा कारण आजूबाजूची शाई पसरून ती खाते. सीडीआरच मागितली तर कोरलचं व्हर्जन आधी विचारा, नव्यात केलेली फाईल जुन्यात उघडत नाही, सेव्ह करताना खालचं व्हर्जन निवडता येतं. इंकस्केपवाल्यांनी लक्षात ठेवा, तिथून निघणारी पीडीएफ आरजीबी असते, त्यामुळे सीएमवायके आकडे वेगळे लिहून द्या आणि प्रेसमध्ये रंग बदलून घ्या. शिवाय एका इंचाला इंकस्केप ९६ आणि इलस्ट्रेटर ७२ पिक्सेलच्या हिशोबाने मोजतं म्हणून इंकस्केपमध्ये पिक्सेलमध्ये मापं दिलेली एसव्हीजी (वेबसाईटला चालणारी व्हेक्टर फाईल) इलस्ट्रेटरमध्ये उघडली की लोगो ७५ टक्के दिसतो, माप मिलिमीटरमध्ये लिहून द्या म्हणजे घोळ नाही. फ्लेक्सवाला जेपीजीच मागेल, तर १० बाय ४ फुटाला १०० डीपीआयने (इंचाला १०० ठिपके) १२००० बाय ४८०० पिक्सेल काढून द्या, पुरतं.

वेबसाईटला एसव्हीजी. इलस्ट्रेटरमधून सेव्ह करताना प्रिझर्व्ह एडिटिंग कॅपॅबिलिटीजची टिक काढा, नाहीतर फाईल उगाच फुगते, आणि स्टायलिंगला प्रेझेंटेशन अॅट्रिब्यूट्स घ्या, त्यात रंग प्रत्येक आकारावरच लिहिला जातो. इंटर्नल सीएसएस (क्लास नावाच्या लेबलाने रंग देण्याची पद्धत) ठेवलं आणि एकाच पानाच्या कोडमध्ये दोन एसव्हीजी पेस्ट केल्या तर दोन्हीतल्या क्लासची नावं सारखीच निघतात आणि एका लोगोचा रंग दुसऱ्याला लागतो, मग शोधत बसा. व्ह्यूबॉक्स (एसव्हीजीच्या कोडमधली चौकटीचं माप सांगणारी नोंद) कधी काढू नका, त्याच्यावरच लोगो लहानमोठा होतो. एसव्हीजीओने (एसव्हीजी लहान करणारं टूल) साफ करताना पण हे बघून घ्या, आणि आकड्यांचे दशांश फार कमी केले तर वेलांटीचे गोल कोनेदार होतात. वर्डप्रेस एसव्हीजी सरळ अपलोड करू देत नाही आणि जीमेलमध्ये ती दिसत नाही, म्हणून पारदर्शक पीएनजी सोबत हवीच. वेबसाईटची लिंक शेअर केल्यावर दिसणाऱ्या चित्राला १२०० बाय ६३०, आयफोनच्या आयकॉनला १८०, ब्राउझर टॅबला ३२ पिक्सेल. ३२ मध्ये पूर्ण शब्द कोंबू नका, शिरोरेषा आणि मात्रा मिळून नुसता डाग दिसतो, चिन्ह किंवा पहिलं अक्षर तेवढं घ्या. फाईलची नावं रोमन लिपीत, छोट्या अक्षरात, मध्ये हायफन टाकून ठेवा, देवनागरी नावाची लिंक कॉपी केली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते.

पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. मेसेजमध्ये रुंदी किती मिमी, रंगांचे आकडे काय, किती रंगात छापायचं हे लिहा, आणि पूर्ण छपाईआधी एक प्रूफ (नमुना छाप) मागा. प्रूफ हातात आलं की आधी अनुस्वार, रफार आणि उकार आहेत ना ते बघा, रंग त्यानंतर, आणि रंग बघायचा तो ट्यूबलाईटखाली नाही, दाराबाहेर उजेडात.