एनडीएमपी बॅकअपचा डिबग लॉग वाचताना या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत स्टोरेजवरचा डेटा रात्री एनडीएमपीने (स्टोरेजचा बॅकअप घेण्यासाठी ठरलेली संवादाची पद्धत, म्हणजे प्रोटोकॉल) टेपवर घेणारे कारखाने आहेत. कास्टिंगची ड्रॉइंग, पॅटर्नची मॉडेल्स, तपासणीचे फोटो, हिशेबाच्या फाइली असं सगळं त्यात असतं. सकाळी जॉब (बॅकअपचं एक काम) फेल दिसला की डिबग लॉग, म्हणजे प्रत्येक पायरीची तपशीलवार नोंद, उघडायचा, 'एरर' हा शब्द शोधायचा आणि सापडलेली पहिली ओळ व्हॉट्सॲपवर टाकायची, ही सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. तिथूनच तपास भरकटतो.

लॉग म्हणजे संवादाची नोंद आहे, हे आधी लक्षात घ्या. एनडीएमपीमध्ये बोलणारे तिघे असतात: सूचना देणारं बॅकअप सॉफ्टवेअर, स्टोरेजवरून डेटा वाचणारी डेटा सेवा आणि टेपवर लिहिणारा मूव्हर. सूचना टीसीपीच्या 10000 पोर्टवरून येतात, प्रत्यक्ष डेटाची वाट वेगळी असते. टेप स्टोरेजलाच जोडलेली असेल तर डेटा सेवा आणि मूव्हर एकाच मशीनवर असतात. डेटा एका स्टोरेजवर आणि टेप दुसऱ्याकडे असेल तर त्या दोघांमध्ये नेटवर्कवरून स्वतंत्र जोडणी उघडते. 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. त्यामुळे टेप दुसऱ्या इमारतीत, उंचावर ठेवण्याचा आग्रह योग्यच आहे. पण त्या मांडणीत ही दुसरी जोडणीही तपासावी लागते, आणि फायरवॉलमध्ये (नेटवर्कवरची ये-जा अडवणारी यंत्रणा) फक्त 10000 उघडून ती चालत नाही. डेटाच्या जोडणीसाठी पोर्टची रेंज ठरवून तीही उघडावी लागते.

निरुपद्रवी ओळींना दोष देणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. सेशनच्या (सॉफ्टवेअर आणि स्टोरेजमधल्या एका सलग संवादाच्या) सुरुवातीला स्टोरेज 'नॉट सपोर्टेड' असं उत्तर देताना दिसतं. बॅकअप सॉफ्टवेअर समोरच्याला काय काय येतं ते विचारून घेत असतं. एखादी सोय नसली तर तसं उत्तर येतं आणि काम पुढे सरकतं. तसंच 'मूव्हर पॉज्ड', कारण 'एंड ऑफ मीडिया'. टेप भरली, एवढाच त्याचा अर्थ. यानंतर सॉफ्टवेअरने टेप बदलून मूव्हरला 'कंटिन्यू' सांगायचं असतं. ते 'कंटिन्यू' आलंच नसेल तर स्टोरेजचा लॉग बाजूला ठेवा आणि टेप लायब्ररीत (आपोआप टेप बदलणारं यंत्र) रिकामी टेप होती का ते बघा.

तिसरी ओळ सर्वांत फसवी: 'मूव्हर हॉल्टेड, कनेक्ट क्लोज्ड'. वाचताना वाटतं नेटवर्क तुटलं. पण यशस्वी बॅकअपच्या शेवटीही हीच ओळ येते, कारण सगळा डेटा देऊन झाल्यावर डेटा सेवा आपणहून जोडणी बंद करते. निर्णय करायचा तो 'डेटा हॉल्टेड'च्या कारणावरून. तिथे 'सक्सेसफुल' असेल तर स्टोरेजने आपलं काम पूर्ण केलेलं आहे. 'अबॉर्टेड' असेल तर वर जाऊन अबॉर्टची विनंती कुणाकडून आली ते शोधा. ती सॉफ्टवेअरकडून आली असेल तर स्टोरेजने फक्त हुकूम पाळला. 'इंटर्नल एरर' दिसली तर मात्र स्टोरेजच्या बाजूनेच खोलात जायचं.

शेवटच्या एररवर थांबणं

प्रत्येक उत्तरात एररचा आकडा असतो. 0 म्हणजे ठीक, 4 म्हणजे ओळख पटली नाही, 23 म्हणजे जोडणी जमली नाही. 19, म्हणजे 'इलीगल स्टेट', दिसला की तो मूळ दोष समजू नका. आधीची एखादी पायरी फसलेली असते आणि सॉफ्टवेअर पुढची पायरी मागत असतं. त्यामुळे सेशनचा क्रमांक घ्या, त्याच क्रमांकाच्या ओळी वेगळ्या काढा आणि वरून खाली वाचत या. एका रात्री चार जॉब एकत्र चालले असतील तर त्यांच्या ओळी एकमेकांत मिसळलेल्या असतात. न गाळता वाचल्या तर एका जॉबचा दोष दुसऱ्याच्या माथी बसतो. उत्तर कोणत्या विनंतीचं, हे सीक्वेन्स क्रमांकावरून (प्रत्येक संदेशाला दिलेला अनुक्रमांक) जुळवा.

4 आला तर नेटअ‍ॅप कंपनीच्या स्टोरेजवरच्या ऑनटॅप या सिस्टिमवर एक गोष्ट लगेच तपासा. तिथे व्हीसर्व्हरच्या (स्टोरेजमधला आभासी सर्व्हर) पातळीवर एनडीएमपीसाठी सिस्टिमने तयार केलेला वेगळा पासवर्ड लागतो. नेहमीच्या लॉगिनचा चालत नाही, आणि लॉगिनचा पासवर्ड बदलला की हाही नव्याने तयार करून सॉफ्टवेअरमध्ये भरावा लागतो.

एकाच बाजूचा लॉग वाचणं

बांधाच्या भांडणात एकाच भावाचं ऐकून निवाडा होत नाही, तसंच हे. स्टोरेजच्या लॉगमध्ये डेटा 'सक्सेसफुल' आणि सॉफ्टवेअरमध्ये जॉब फेल, असं दिसलं तर दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय कोडं सुटत नाही. पुष्कळदा मधली फायरवॉल कारण असते. मोठ्या व्हॉल्यूमचा (स्टोरेजवरचा डेटाचा एक कप्पा) बॅकअप तासन्‌तास चालतो. डेटाच्या जोडणीवर वर्दळ असते, पण सूचनांच्या जोडणीवर बराच काळ कुणी काहीच बोलत नाही. फायरवॉल ती पडून असलेली जोडणी गुपचूप काढून टाकते. काम संपल्याचा निरोप मग पोहोचतच नाही. लिनक्सवर टीसीपी कीपअलाइव्हचा, म्हणजे शांत जोडणी जिवंत आहे का ते विचारणारा, पहिला संदेश मुळात 7200 सेकंदांनी, म्हणजे 2 तासांनी जातो, तोही प्रोग्रामने कीपअलाइव्ह मागितला असेल तरच. फायरवॉलची मुदत (शांत जोडणी किती वेळ राहू द्यायची ती) तासाभराची असेल तर या संदेशाचा उपयोग शून्य. कीपअलाइव्हचा काळ फायरवॉलच्या मुदतीपेक्षा कमी करा, किंवा त्या जोडणीपुरती फायरवॉलची मुदत वाढवा. लहान जॉब नीट होतात आणि फक्त मोठेच फसतात, ही याची ओळखण्याजोगी खूण.

दोन्ही लॉग जुळवताना घड्याळाकडे लक्ष हवं. सर्व्हर भारतीय वेळेवर आणि स्टोरेजचा लॉग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो. मध्यरात्रीनंतर 1:15 ला फसलेला जॉब तिकडे आदल्या तारखेच्या 19:45 ला सापडतो.

फाइल हिस्टरीच्या पुरात हरवणं

फाइल हिस्टरी म्हणजे टेपवर गेलेल्या फाइलींची सूची; तिच्या 'ॲड फाइल', 'ॲड डिर', 'ॲड नोड' या ओळी लाखोंनी येतात. त्या आधी गाळून टाका. पण बॅकअप फसत नसून नुसता रेंगाळत असेल, तर याच ओळींच्या वेळा बघा. लाखो लहान फाइली असलेल्या व्हॉल्यूममध्ये सॉफ्टवेअरची सूची लिहिण्याची गती कमी पडते आणि स्टोरेजला थांबून राहावं लागतं. दोष टेपला दिला जातो. खात्री करायची तर हिस्टरी बंद ठेवून एक चाचणी जॉब घ्या. वेग वाढला तर सूची ठेवणाऱ्या सर्व्हरची डिस्क तपासा. ही चाचणी कायमची ठेवू नका. सूचीशिवाय एकच ड्रॉइंग शोधून परत आणणं फार अवघड होतं.

'स्टार्ट बॅकअप'जवळ छापलेल्या सेटिंगही वाचा. लेव्हल 0 म्हणजे पूर्ण बॅकअप. तिथे 1, म्हणजे पूर्ण बॅकअपनंतर बदललेलाच डेटा, असेल तर टेपवर थोडाच डेटा का गेला, हे तिथेच कळतं.

डिबग चालू ठेवून विसरणं

वरच्या पातळीचं डिबग चालू राहिलं की लॉग भराभर फिरतो आणि रात्रीच्या ओळी सकाळपर्यंत पुसल्या जातात. जॉब पुन्हा चालवण्याच्या आधी डिबग चालू करा, फसल्याबरोबर लॉगची प्रत बाजूला काढा आणि डिबग पूर्वीच्या पातळीवर आणा. सपोर्टला पाठवताना पूर्ण सेशन द्या, स्क्रीनशॉट नको. सोबत सॉफ्टवेअरचा त्याच वेळेचा लॉग, दोन्ही घड्याळांचे टाइमझोन आणि मधल्या फायरवॉलची मुदत लिहा. ग्राहकांची नावं असलेले फोल्डरचे मार्ग आणि पासवर्ड आधी झाका.